पान त्रेचाळीस

मंगळवारी मी लिहिलं: पाणमांजर.
शुक्रवारी त्याच्याच खाली: खवले मांजर.
साहेबांनी लाल शाईत विचारलं,
'मांजरांची नोंद कशाला?'

साहेब, आपल्या भाषेला अंधारात काही दिसलं
आणि ओळख पटली नाही
की ती मांजर म्हणून मोकळी होते.

ऐरोलीला, ओहोटीच्या चिखलात
हिराजी मढवींनी होडी टेकवून दाखवले ठसे:
पाच बोटं, मधे पडदा, मागे शेपटीचा फराटा.
बांधाच्या दगडावर ओली विष्ठा,
तीत बोईटाचे खवले, उन्हात लखलखणारे.
'आमी हूद म्हंतो. जालां फारतं मेला.
पन मारीत नाय. तो पन आमचाच धंदा करतो ना.'
मग तिवरांतून शिट्टी आली,
तिला दुसरी, तिसरी. अख्खं कुटुंब भांडत जेवत होतं
पलीकडे भरावाचे डंपर रिकामे होत असताना.

दुसऱ्याला आवाजच नाही.
घोडबंदरच्या एका टॉवरखाली, पार्किंगमध्ये,
वॉचमनला वाटलं कुणाचा फणस पडलाय.
येऊरपर्यंत जीपमध्ये तो माझ्या मांडीवर होता,
नऊ किलोंचा एक नकार,
स्वतःभोवती घट्ट मिटलेला.
दात नाहीत. चावायचं ठाऊक नाही.
वाघापुढे पुरतं हे मिटणं;
माणूस वाकून सरळ उचलतो,
पोत्यात घालतो.

आणि कशासाठी? खवला म्हणजे नख, साहेब.
माझ्या करंगळीला आहे तेच.
रविवारी कापून मी केरात टाकते.

पाटोणपाड्याच्या वर नवशीबाईंनी वारूळ दाखवलं,
तिथे ठेवला. बराच वेळ काही नाही.
मग आधी नाक, मग एक डोळा, काळा,
मग मुंग्यांच्या दिशेने तो निघून गेला,
मुठी टेकत, म्हातारा हिशेबनीस चालावा तसा.

एकाच्या पोटात खवले, एकाच्या पाठीवर.
यापलीकडे नातं जुळवायला गेलं तर
इतकं मागे जावं लागतं
की पारसिकचा डोंगर अजून
जमिनीखालची आग असतो.

खाडी आणि येऊर यांच्यामध्ये आता हायवे आहे.
ते एकमेकांना भेटायचे नाहीत.
भेटले ते इथेच,
माझ्या वाकड्या अक्षरात, एकाखाली एक.

लाल शाईच्या शेजारी जागा थोडी होती.
लिहिलं:
मांजरं नव्हेत.
अजून आहेत.