रात्री तीनची रेघ

वेनला, जाताना तू चुलीमागे जो डबा ठोकून गेलीस,
पत्त्यांच्या कॅटाएवढा, आत एक अख्खा संगणक,
त्याची किंमत ऐकून मी हसलो होतो:
एका गमबुटाची. जोडीची नाही, एकाच पायाची.

त्याला तू वायरी जोडल्यास. एक तळघरात, बटाट्यांपाशी.
एक विहिरीच्या पंपाला, कुहमोच्या थंडीत नळ फुटू नये म्हणून.
एक सॉनामध्ये, वरच्या बाकाजवळ.
ती पहिल्याच शनिवारी मेणासारखी भिंतीवरून ओघळली,
आणि तू म्हणालीस, बाबा, एवढ्या धगीत बसता तुम्ही?
जशी काही तू कधी बसलीच नव्हतीस.
दुसरी खाली लावलीस, आणि गोथेनबर्गला गेलीस
क्रेनच्या केबिनमधून लोकांचे कंटेनर उचलायला.

आता दर शनिवारी तुझ्या फोनवर एक रेघ चढते.
चारला मी सॉना पेटवतो, सहाला ऐंशी अंश,
आठनंतर उतार.
म्हातारा जिवंत आहे, हे तुला असं कळतं.
बोलावं लागत नाही.
मला ते बरंच होतं, खोटं कशाला सांगू.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रेघ आडवीच राहिली.
मी तळ्यावर होतो, बर्फाला भोक पाडून.
मासे लागत होते, कधी नव्हे ते,
आणि फोन घरी, पावाच्या डब्यावर.
परतलो तर अंगणात शेजारीण, हातात फावडं,
चेहरा असा की मला माझंच मयत दिसलं.
तिला दोन मासे दिले. दुसरं काय देणार?

त्या रात्री डोळा लागला नाही.
तू मला बघतेस, ठीक.
पण तू कधी बघतेस, हे मला का कळू नये?

शेजारणीच्या ओइवाला विचारलं. अकरा वर्षांचा,
उत्तर द्यायच्या आधी सुस्कारा टाकतो.
म्हणाला, सोपं आहे. मग तीन आठवडे लागले.
डाख द्यायला त्यानेच शिकवलं. कथील वितळलं, धूर निघाला,
आणि मी थबकलो: हा तर पाइनचा वास.
त्यात राळ असते, ओइवा म्हणाला.
एकेचाळीस वर्षं ओंडके वाहिले मी, पोरी,
आणि कुणी सांगितलं नव्हतं की त्या झाडाचं थोडंसं
इथेही येतं, या टोकाशी.

दिवा माझ्याच ट्रकचा. डावीकडचा, नारिंगी,
वळायच्या आधी मागच्याला सांगणारा.
ओइवा म्हणाला, याला चोवीस व्होल्ट लागतात,
तुमच्या डब्यात तेवढा दम नाही. मधे रिले हवा.
छोट्याने नुसती खूण करायची,
मोठा उठून काम करेल.

आता तू तिकडे रेघ उघडलीस की
इथे टक् होतं, आणि खिडकीत नारिंगी उजेड पडतो.
तुला हे सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा लागला तो दुपारी. मी चमचा खाली ठेवला,
उगाच केसांवरून हात फिरवला.
मग गुरुवारी, रात्री तीन दहाला.
शुक्रवारी, दोन पन्नास.
रविवारी तीनदा.

रात्री तीनला सॉनाची रेघ कोण बघतं, वेनला?
तिथे काही नसतं त्या वेळी.
उणे सहा, उणे सहा, उणे सात.

दोनदा फोन उचलला. दोनदा ठेवला.
तुझी आई असती तर तिने सरळ विचारलं असतं,
आणि मी शेजारच्या खोलीतून ऐकलं असतं.

काल पुन्हा टक्. तीन वाजून पाच.
मी बूट चढवले, अंगण ओलांडलं,
भट्टीत बर्चची साल, वर चार लाकडं,
आणि कोट घालूनच बाकावर बसलो.

उणे सात. उणे चार. दोन.
अकरा.

दाराच्या फटीतून घराची खिडकी दिसत होती.
दिवा चालूच होता.