साडेनऊ

सीडर रॅपिड्सला आज वारा गिरणीकडून आहे,
म्हणजे गावभर भाजलेल्या ओटचा वास,
आणि आमच्या स्वयंपाकघरात लोणी, पिठीसाखर,
नानकटाईचं पीठ,
चार खुर्च्यांवर चढलेली चार पोरं.

लेक कामावर जाताना सांगून गेली,
"बाबा, ओव्हन तेवढा तुम्हीच हाताळा."
बाकी राज्य इरूचं.
इरू सात वर्षांची, पण मुकादमाची जात.

साबुदाण्याची खीर हिरवी झाली आहे
आणि तिचं नाव आता बेडकाची अंडी.
लिचीच्या पोटात एकेक ब्लूबेरी खुपसली
की झाले डोळे. बशीभर डोळे
पापणी न हलवता माझ्याकडे बघतात.
बीटाच्या रसात बुडवलेल्या शेवया कशाच्या,
ते विचारू नका, मीही विचारलं नाही.
अन्नाला नावं ठेवू नयेत, हे ऐकत मी वाढलो.
इथे सकाळपासून
तोच कार्यक्रम चालू आहे.

शेजारच्या हेझलला लिची ठाऊक नव्हती.
तिनं एक डोळा जिभेवर ठेवला, स्वतःचे दोन मिटले,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, अजून एक.

आता बोटं.
पीठ वळायचं, सुरीच्या पाठीनं सांधे पाडायचे,
टोकाला सोललेला बदाम: नख.
नखाच्या कडेनं चेरीचा जॅम.
"एवढं रक्त नको," कैवल्य म्हणतो,
"त्याला फक्त लागलंय."

माप कुणाचं घ्यायचं यावर भांडण झालं.
पोरांची बोटं बारीक, करपून जातील.
"आजोबा, हात द्या."
मी डावा दिला.
"दोन्ही."

भोसरी, पॉवर प्रेस, रात्रपाळी, ब्याऐंशी साल.
उजवी तर्जनी दुसऱ्या पेराशी थांबते.
भरपाई आली, तिचं आईनं शिलाई मशीन घेतलं.
लग्नाच्या फोटोत हात उपरण्याखाली आहे.
शिकागोच्या विमानतळावर काचेवर ठेवला
तर यंत्र अडखळलं,
काचेपलीकडचा माणूस म्हणाला, पुन्हा.
पुन्हा.
खोटं नाणं वागवावं तसा
चाळीस वर्षं हा हात मी खिशात वागवला.

इरूनं तो पोळपाटावर पालथा घातला,
शाळेच्या पट्टीनं करंगळीपासून मोजत आली.
तर्जनीशी थांबली.
मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.
"याला बदाम नाही लागणार," ती म्हणाली,
आणि उरलेला बदाम खाऊन टाकला.

सहाला पाहुणे आले:
दोन वटवाघळं, एक अंतराळवीर,
एक मक्याचं कणीस, ज्याला दारातून आडवं घ्यावं लागलं.
ताटात तीन डझन बोटं, नखं नीट, रक्त बेताचं,
आणि मधोमध ते एक आखूड.
सगळ्यांना तेच हवं.
"ते खरं आहे," इरू म्हणाली,
आणि माझा हात पुराव्यादाखल वर धरला.

लोकांनी आजवर विचारलं ते कसं झालं,
किती मिळाले, मालक कोण होता.
कणसानं विचारलं, दुखलं का?
हो, म्हणालो. खूप.
तोडक्या इंग्रजीत तेवढंच आलं, आणि पुरलं.
कणसानं मान हलवली,
अर्ध्या बोटाचं अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं.
लोणी जरा जास्त झालं होतं.

मग ऑर्डर निघाली: अजून बारा,
सगळी अर्धी.
मी पुन्हा पीठ काढलं, ओव्हन लावला,
फॅरनहाइट मला अजून कळत नाही.
"तीनशे पन्नास," इरू बाहेरून ओरडली,
"आणि आजोबा,
बोटं सांभाळा."