हाल्वरच्या गाड्या

ये कोल्बी. बूट बाहेर झटक, चिखल आहे.
तू आलायस त्या लाल कूपेसाठी, ठाऊक आहे मला.
शेडच्या दारातून तुझी नजर पिकअपवरून घसरली,
लग्नघरात नवरीच्या आत्यावरून घसरते तशी.

तरी आधी तिलाच बघ.
अठ्ठ्याहत्तर सालची. रंग कोणता होता
ते दार उघडलं तरच कळतं:
बिजागरीपाशी बोटभर निळा शिल्लक आहे.
पहिला गिअर पडत नाही, समजूत काढावी लागते.
माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही.
काच खाली करायची, हात बाहेर घालायचा, खटका ओढायचा.
तेवीस वर्षं मी अशीच उतरले,
चर्चला, दवाखान्यात,
आणि एकदा भांडून, भर रस्त्यात.
तेव्हाही आधी काच उतरवावी लागली
आणि काच उतरेतो राग उतरला.

कूपे बासष्टाव्या वर्षी घेतली त्याने,
बिलिंग्जच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला
त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मला विचारलं नाही. मी बोलले नाही.
दोन दारं, चारशे घोडे,
आणि मागे सीट म्हणून जे आहे त्यावर
किराणाची एक पिशवी बसते, तीही अंग चोरून.
खडीवर तिचं पोट घासायचं,
म्हणून डांबरापर्यंतचे सात मैल
तो पाळण्यात मूल असल्यासारखा जायचा.
पुढे काय व्हायचं ते मला दिसलं नाही कधी.
नुसता आवाज यायचा लांबून,
नवं कापड फाडल्यासारखा.

आता उजव्या सीटवरचा डाग.
किंमत पाडशील त्यावरून. पाड.
मार्चची रात्र. पारा उणे एकोणतीस.
जिने चाळीस वर्षं दगा दिला नाही
त्या पिकअपने त्या रात्री मान टाकली.
आणि फाटकापलीकडे एक पहिलटकरीण बर्फात व्यायली होती.
वाऱ्याने रस्ता खरवडून ठेवला होता म्हणून निभावलं.
हाल्वरच्या अंगात तेव्हा काय उरलं होतं?
दोघांनी ताडपत्रीवरून ओढत आणलं,
ओलं, लटपटतं, कान गोठलेलं,
आणि काळ्या चामड्यावर बसवून
त्याने वासराला पट्टा लावला.
हो, पट्टा लावला.
सीट गरम करायचं बटण आहे ना, ते तीनवर.
मी मागे, पिशवीच्या जागी, गुडघे कानाशी.
त्या गाडीत मी बसले ती तेवढीच.
ताशी दहा मैलांनी चालवत
तो एकटाच हसत होता,
डांबरावरही असाच हसत असेल.

घासलंय मी पुष्कळ. जात नाही.
उन्हाळ्यात वासही येतो, खोटं कशाला सांगू.
ती बघ, पाण्याच्या टाकीपाशी,
अर्ध्या कानांची. तीच.

पिकअप विकायची नाही. विचारूही नकोस.
कूपे ने. पैशांचं मागाहून बघू.
आधी मला त्या डांबरावर ने,
आणि माझं वय बघून पाय हलका ठेवू नकोस.
फक्त परत आल्यावर
मी सवयीने काच खाली करून
बाहेर खटका चाचपायला लागले,
तर तेवढं हसू नकोस.