टिंबाचा रकाना

तिसऱ्या वर्षाला विषय होता
उद्योजकता आणि वित्त-तंत्रज्ञान.
जनरेटरचं डिझेल संपलेलं, पंखे उभे,
आणि डॉक्टर लॅम्प्टी घाम पुसत फळ्यावर लिहीत होते :
घर्षण शोधा. जिथे घर्षण, तिथे धंदा.
आम्ही सदतीस जणांनी ते वहीत उतरवलं.
मी घर्षणाखाली दोन रेघा मारल्या.

मला घर्षण सापडलं कोफोरिडुआच्या बाजारात.
त्याचं नाव पापा आसिएदू, वय एकसष्ट,
कानावर पेन्सिल, बारा खिशांचं जाकीट,
चपला डावीकडून झिजलेल्या,
कारण बाजाराचा उतार डावीकडे आहे.
तो सुसू गोळा करतो.
दुकानागणिक एक कार्ड, कार्डावर एकतीस घरं,
दिवसाला दोन सेडी, नाहीतर पाच, जिची जशी ऐपत.
महिना भरला की तीस घरांचे पैसे परत,
एकतिसावं घर त्याचं.
"म्हणजे कमिशन तीन पूर्णांक दोन टक्के," मी म्हणाले.
"म्हणजे माझ्या चपला," तो म्हणाला.

स्टॉपवॉच घेऊन मी चार दिवस त्याच्या मागे हिंडले.
दर दुकानी दोन मिनिटं चाळीस सेकंद.
त्यातली पैसे मोजायला अकरा.
उरलेल्यात कुणाचा गुडघा,
कुणाचा तेमाला गेलेला आणि फोन न करणारा मुलगा,
भेंडीचा भाव, परत आलेला एक नवरा.
एवढा वेळ पाण्यात!
माझी तिसरी स्लाइड तयार झाली.

आंटी कोर्कोरला मी मोबाइलवर नमुना दाखवला.
टोमॅटोचा हात फडक्याला पुसून तिनं एक बोट टेकवलं.
"आणि पैसे घ्यायला कोण येणार?"
"कोणी यायलाच नको. तोच तर फायदा."
तिनं एक टोमॅटो उचलला, फिरवून पाहिला,
नासक्यांच्या टोपलीत टाकला.
"मोबाइलवर पैसे आहेतच की. येतात तसे जातात.
कोणी येणारच नसेल
तर मी संध्याकाळपर्यंत ते ठेवू कुणासाठी?"

कार्डांवर काही घरांत बरोबरची खूण,
काही कोरी,
आणि काहींत पेन्सिलचं नुसतं एक टिंब.
"कोरं म्हणजे खाडा," पापा म्हणाला, "ती भेटलीच नाही.
टिंब म्हणजे भेटली,
पण मी हात पुढे केला नाही."

यूसिफ आमच्या गटाचा, कोड लिहिणारा.
"भरले किंवा नाही भरले," तो म्हणाला,
"एक किंवा शून्य. टिंब घालू कुठे?"
मी हट्ट धरला. त्यानं रात्रभर जागून, कुरकुरत,
तिसरा रकाना उघडून दिला.

स्पर्धेत अक्राहून आलेल्या परीक्षक बाईंनी
चष्मा खाली ओढून नेमकं तेच विचारलं :
"हा रकाना महिन्याला किती कमावतो?"
माझ्याकडे बाजाराचा आकार होता, वाढीचा दर होता,
पाच वर्षांचे अंदाज होते. याचा आकडा नव्हता.
बी प्लस. उत्तेजनार्थ एक पाण्याची बाटली,
तीवर बँकेचं नाव.

सुट्टीत घरी गेले. अहवालाच्या परिशिष्टाला
जुनी कार्डं हवी होती, म्हणून आईचा बिस्किटांचा डबा उघडला.
वरती बटणं, सुया, शिवायच्या मशीनचा तुटका पट्टा.
खाली रबरात बांधलेली वर्षं.
माझ्या प्रवेशाचा सप्टेंबर मी ओळखला.
नऊ तारखेपर्यंत खुणा.
दहापासून टिंब. अकरा, टिंब. बारा, टिंब.
मी बोट ठेवत ठेवत खाली गेले.
एकतिसाव्या घरातही टिंब होतं,
जे आईचं घर नव्हतंच.

बाहेर आई कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याला टीप मारत होती.
मी तिला काही विचारलं नाही.
यूसिफला फोन केला :
तो रकाना काढू नकोस.
"स्पर्धा संपली ना?"
संपली, म्हटलं. तरी असू दे.