जिन्याचा हिशेब

पालिकेच्या नकाशात आमच्या जिन्याला
एकशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत.
मी खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन
बावीस वर्षं चढतोय हा जिना.
माझे गुडघे नकाशापेक्षा जुने
आणि गुडघ्यांच्या हिशेबात त्या
एकशे एकसष्टच.

"दोनाने काय बिघडतं?" हासिंता म्हणाली,
पालिकेची नवी इंजिनियर, पिवळं हेल्मेट,
धापा टाकत टेकलेली एदेलमिराबाईंच्या दाराशी.
मी सिलिंडर तिच्या खांद्यावर ठेवला.
मग काही बोलली नाही.

खाली वाल्पाराइसोचं बंदर, धुक्यात मान घातलेल्या क्रेन,
वर आम्ही, जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगात
रंगवलेले पत्रे, आणि मधे हा जिना.
तिच्या पिशवीत करारनामा होता.
शहर देईल: सिमेंट, वाळू, लोखंडी कठडा,
दोन दिवे, एक संगमरवरी पाटी.
रहिवासी देतील: श्रम.

"श्रम म्हणजे रविवार!" लुक्रेसिया खिडकीतून ओरडली.
"रविवार आमचे, आणि पाटीवर नाव कुणाचं?"
टेकडीभरचे पत्रे खदखदले.
हासिंताने पेन काढलं,
पाटीवर काट मारली
आणि तिचे पैसे वाळूत घातले.
तेवढ्यावर आम्ही सह्या केल्या.
विश्वास म्हणाल, तर तो नव्हता अजून.
नुसती शाई.

कठडा कागदावर उजवीकडे होता.
एदेलमिराबाईंचा उजवा हात झटक्यानंतर
कोटाच्या खिशातच राहतो.
त्या काही म्हणाल्या नाहीत,
फक्त जिना उतरून दाखवला,
डावा तळवा भिंतीवरून घासत,
एकेक पायरी, खाली रस्त्यापर्यंत.
आम्ही सगळे वर उभे.
नकाशा दुसऱ्या दिवशी बदलून आला.

अकरा रविवार. बादल्यांची रांग,
या हातातून त्या हातात वाळू,
दर बादलीत थोडी कुरकुर.
म्हातारा एर्मोहेनेस, कधीकाळचा खलाशी,
सिमेंट असं कालवायचा, जणू पूर्ण जहाजाची कणीक मळतोय.
ओल्या पायरीवर एका कुत्र्याने सही केली,
ती तशीच ठेवली.
अर्नाल्दो एकाही रविवारी आला नाही.
तोही याच पायऱ्या चढतो रोज, नजर चुकवत.
पायऱ्या त्याला अडवत नाहीत.
मी अडवला असता.

सातव्या रविवारी गटारासाठी खणताना
कुदळ दगडावर वाजली.
गाळाखाली आख्खी पायरी निघाली,
टेकडी घसरली होती त्या साली गेलेली,
मधोमध झिजून बशीसारखी खोल.
"इथे बसून तो जाळी विणायचा,"
एदेलमिराबाई म्हणाल्या, नवऱ्याचं नाव न घेता.
"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"
"मोजायला कुणी आलंच नव्हतं."

दुसरी सापडली नाही.
शेवटी अर्धं पोतं सिमेंट उरलं.
हासिंताला नकाशाचा आकडा जुळवायचा होता,
आम्हाला कठड्याचा शेवटचा खांब पक्का हवा होता.
दोन तास भांडलो, चहा गार झाला,
लुक्रेसिया एकदा उठून गेली, परत आली.
खांब उभा राहिला.
हासिंता पायरीवर बसली, गुडघ्यावर नकाशा पसरला,
एकशे त्रेसष्ट खोडलं,
वर लिहिलं एकशे बासष्ट,
तारीख घातली.
ऑफिसात तिला काय ऐकावं लागलं असेल,
ते तिने सांगितलं नाही.

दोन दिव्यांतला एक
अजून कधीमधी फुरफुरतो.
तक्रार दिली आहे. उत्तर आलंय,
बघतो म्हणालेत.

आणि माझं असं, की पाय अजून
जुनाच हिशेब धरून आहेत.
काल धुकं दाट होतं, खांद्यावर पंधरा किलो,
ती सापडलेली पायरी आडवी आली
आणि मी ठेचकाळलो.
हात आपोआप डावीकडे गेला.
कठडा गार होता, दवाने ओला.
हलला नाही.