छतावरची लोकर

ऑक्टोबर संपायच्या आत ठरवायचं होतं.
नारीन नदीच्या काठाला बर्फाची साय धरू लागलेली,
आणि मी, तोक्तोबुबू, चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई,
सातवीच्या एका जुन्या वहीच्या मागल्या पानावर
उबेचा हिशेब मांडून बसले.

कोळसा ट्रकवाल्या जोलदोशच्या भावानं.
तो म्हणतो तीन टन पुरेल, लागतो चार,
आणि तळाशी निघते ती नुसती भुकटी.
नातवाच्या खोकल्याचा आकडा
त्यानं कधी सांगितला नाही.

"आई, विजेचा बॉयलर घे, पैसे पाठवतो,"
मुलगा येकातेरिनबुर्गहून फोनवर.
तो विसरलाय,
जानेवारीत संध्याकाळी बरोब्बर सातला
सगळी वस्ती हीटर लावते आणि तारा मान टाकतात.
शिवाय ठरल्या युनिटांपुढे दर दुप्पट,
म्हणजे थंडी वाजायची तर बेतानं.

शेणी फुकट, म्हणतात लोक.
फुकट म्हणजे मी.
मेंढवाड्यात वर्षभर तुडवलेला थर
जूनमध्ये कुदळीनं विटांसारखा कापायचा,
उन्हात उभा करायचा, उलटायचा, रचायचा.
माझे गुडघे बाजारभावानं धरले
तर कोळसा स्वस्त पडतो.

तिन्ही रकान्यांखाली रेघ मारली.
मुलांना मी सांगायचे,
उत्तर जुळत नसेल तर गणित पुन्हा वाचा.

वाचलं.
रात्री भट्टी पेटवली, मेणबत्ती घेऊन घरभर फिरले.
खिडकीशी ज्योत वाकली, दाराशी विझता विझता राहिली.
मग शिडी लावून माळ्यावर डोकं घातलं.
पत्र्याखाली कबुतरं
अंग फुगवून, डोळे मिटून बसलेली,
माझ्या पैशांवर.

या साली लोकर घ्यायला व्यापारी आलाच नाही.
सागिनबेकनं पोतीच्या पोती
ओढ्यात लोटायला काढली होती.
"काय देऊ?" विचारलं, तर हसला.
"नेलीस तर चहा मीच पाजीन."

आठ दिवस मी आणि सून जीपारगुल,
केसांत काड्या, नाकात मेंढ्यांचा वास,
हातभर जाड लोकर अंथरत होतो.
ती मधेच म्हणाली, आजारी माणसाला पांघरूण घालतोय असं वाटतं.
मी म्हटलं, कोपरा राहिला बघ.
नवव्या दिवशी कबुतरं
शेजाऱ्याच्या पत्र्यावर राहायला गेली.

कोळसा शेवटी घेतलाच, पण दोन टन.
जोलदोशनं दोनदा विचारलं, दोनच?
शेणी गुडघ्यांना झेपतील तेवढ्या.
बॉयलरचे पैसे आलेत.
त्यांचा वेगळा रकाना आखलाय,
वर नाव अजून लिहिलं नाही.

काल बाहेर उणे एकवीस.
पहाटे उठून भट्टीच्या विटांवर तळवा ठेवला.
कोमट.
वहीत तसंच लिहिलं, कोमट.
पुढे लाल पेन्सिल घेऊन बसलेय,
किती गुण द्यावेत.