टाकी फुल ते टाकी फुल

शोरूममधला पोरगा म्हणाला, बावीस पॉइंट तीन.
मी विचारलं, कुठे?
कंपनीत, साहेब. चाचणीत.
म्हणजे तिथे द्वारका चौक नसणार,
मुंबई नाक्याला रिक्षाने मनात येईल तिथे मारलेलं वळण नसणार,
डिकीत पन्नास किलो गहू, मागे सासूबाई,
आणि त्यांचं दर दोन मिनिटांनी काच वर, काच खाली
हेही नसणार.

तीस वर्षं सातपूरला गेज तपासतोय मी.
केसाच्या दहाव्या हिश्श्याने जाड निघाली
म्हणून पिन परत पाठवणारा माणूस
दुसऱ्याच्या आकड्यावर गाडी चालवत नाही.
म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही,
दोऱ्याने बांधलेलं पेन,
पंप एकच, आणि नोझल पहिल्यांदा कट झालं की बस.
राउंड फिगर करू का, या प्रश्नाला कायम नाही.

गंगापूर रोड, संध्याकाळ, एसी बंद: तेरा पॉइंट नऊ.
कसारा घाट चढताना, पाच माणसं,
एसी चालू, मग बंद, मग भांडण: बारा पॉइंट चार.
सिन्नरचं लग्न, मोकळा हायवे, ऐंशीच्या वर काटा नाही:
अठरा पॉइंट एक.
त्या रात्री मी रजनीला उठवून आकडा सांगितला.
ती म्हणाली, बरं,
आणि कूस बदलली.

मार्गशीर्षात आकडा घसरला.
अकरा पॉइंट दोन. पुढच्या टाकीला दहा पॉइंट सहा.
मी पंप बदलला.
अकील मिस्त्रीने प्लग काढले, पुसले, परत बसवले,
गाडी ठणठणीत आहे, देवरेसाहेब,
तुम्हीच जरा पाय हलका ठेवा.
माझा पाय!
रात्री गाडीखाली जुना पेपर अंथरला,
सकाळी कोरडा.
वॉचमन भिकाजीकडे आठवडाभर वाईट नजरेने पाहिलं,
त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.

मग एका रविवारी बसायला गेलो
आणि गुडघा स्टीअरिंगवर आपटला.
सीट दोन खाचा पुढे.
आरशात रस्ता नाही, नुसती माझी टाय-पिन.
पायाशी मॅटवर तपोवनाच्या मैदानाची माती,
आणि माझी पहिली पाळी,
सव्वासहाला मला नेणारी कंपनीची बस.

चावी लावायच्या आधी हिशोब मांडला:
आठवड्यातून चार सकाळी, पाऊण तास,
पहिला गिअर, गाडी बंद, पुन्हा स्टार्ट,
पहिला गिअर, दुसरा, गोल, बंद.
जुळला. दशांशापर्यंत जुळला.

बोललो नाही.
काम उरकून आल्यावर सीट दोन खाचा पुढे सरकवली,
आरसा होता तसा वाकडा केला,
चारही टायरमध्ये हवा, बत्तीस,
आणि त्या हिवाळ्यात टाकी
कधी अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही.

वैशाखात तिने लायसन्स
आमटीच्या वाटीशेजारी ठेवलं.
गांगुर्डेबाईंनी शिकवलं, म्हणाली.
मी आश्चर्य दाखवलं. ते काही मला नीट जमलं नाही.

इगतपुरीला ती घेऊन गेली.
मी डावीकडे, रिकाम्या जागी ब्रेक दाबत,
सासूबाई मागे, काच खाली, आणि चक्क गप्प.
घोटीच्या अलीकडे ट्रकमागे ती शांत राहिली,
हॉर्न नाही, दणका नाही,
चढ आधीच ओळखून गिअर.
मी कुठे शिकवलं असतं हे?
मलाच येत नाही.

परत येऊन जुन्याच पंपावर, पहिल्या कटला थांबलो.
ब्याण्णव किलोमीटर. चार पॉइंट ब्याण्णव लिटर.
दोनदा भागलं.
अठरा पॉइंट सात.
सिन्नरचं लग्न मोडीत निघालं.

किती? तिने विचारलं.
मी आकडा लिहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
शेऱ्याच्या रकान्यात: चालक वेगळा.

तिने वही ओढली, दोऱ्यासकट पेन ओढलं,
चष्मा नव्हता म्हणून वही लांब धरली,
आणि शेवटचा काना खोडून
वेलांटी दिली.